तक्रार निकाली, दिवा बंद

रस्त्याच्या कडेचा हा दिव्याचा खांब पाहा. खांबावर रंगाने लिहिलेला क्रमांक देऊन एका रहिवाशाने दिवा बंद असल्याची तक्रार नोंदवली. काही दिवसांनी त्याच्या मोबाईलवर संदेश आला: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' संध्याकाळी आजूबाजूचे दिवे लागले, हा खांब मात्र अंधारातच राहिला. कार्यालयाच्या दफ्तरी हे काम पूर्ण झालेले आहे. खांबाखालून पाय चाचपडत घरी जाणाऱ्याच्या लेखी ते सुरूही झालेले नाही.

नगर प्रशासनाचे कामकाज बहुधा आकड्यांत मांडले जाते: किती लांबीची जलवाहिनी टाकली, किती टन कचरा उचलला, किती तक्रारी निकाली निघाल्या. हे आकडे आवश्यकच आहेत, परंतु त्यांतून रहिवाशाचे समाधान कळत नाही. तक्रारी कमी झाल्या म्हणजे कारभार सुधारला, हा निष्कर्ष तर विशेष धोक्याचा आहे. कारण वारंवार हेलपाटे घालूनही ज्याची दाद लागत नाही, तो माणूस एक दिवस तक्रार करणेच सोडून देतो आणि त्याचे ते थकलेले मौन अहवालात समाधान म्हणून जमा होते.

समाधानाचा आकडाही जपूनच वाचावा लागतो. ज्या वस्तीत वर्षानुवर्षे पाणी वेळेवर आले नाही, तिथे दिवसाला तासभर येणारे नियमित पाणीही लोकांना सुखावते. जिथे ते अखंड मिळते, तिथे एका दिवसाच्या खंडानेही संताप होतो. माणूस सेवेची तुलना आपल्या अपेक्षेशी करतो, आणि ज्यांनी अपेक्षाच सोडली आहे त्यांच्या समाधानावर प्रशासनाने निर्धास्त राहणे हा त्या माणसांवर अन्याय आहे, असे आम्हाला वाटते.

म्हणूनच प्रश्न कसा विचारला जातो, याला महत्त्व येते. बंगळुरूमध्ये व्यवस्थापनतज्ज्ञ सॅम्युअल पॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रहिवाशांची पाहणी करून 1994 मध्ये सार्वजनिक सेवांचे नागरिक प्रगतिपुस्तक, म्हणजे नागरिकांनी या सेवांना दिलेल्या गुणांचा अहवाल, प्रसिद्ध केले. लोक समाधानी आहेत का, एवढ्यावर ते थांबले नाहीत. कामासाठी किती खेटे घालावे लागले, कर्मचाऱ्यांची वागणूक कशी होती, अडचण खरोखर सुटली का, लाच द्यावी लागली का, हेही त्यांनी विचारले आणि उत्तरे संस्थांच्या नावांनिशी लोकांपुढे ठेवली. 1999 मध्ये तीच पाहणी पुन्हा झाली तेव्हा सुधारणा मर्यादित होती. 2003 च्या पाहणीत मात्र समाधान स्पष्टपणे वाढलेले दिसले. त्याचे सारे श्रेय या अहवालांना देता येणार नाही, कारण दरम्यान सरकार आणि नागरी संस्थांनीही पुष्कळ काम केले होते. पण गुण जाहीर झाल्यावर कोणत्याही कार्यालयाला कानांवर हात ठेवता येईना, हे खरे.

तक्रार नोंदवण्याची सोय आता अनेक शहरांत आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने 1996 मध्ये तातडीच्या नसलेल्या कामांसाठी 311 हा दूरध्वनी क्रमांक सुरू केला, पुढे इतर शहरांनी तो स्वीकारला. ब्रिटनमध्ये 2007 पासून चालणाऱ्या 'फिक्स माय स्ट्रीट' या सेवेतील एक तपशील आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. तिथे तक्रार सर्वांना दिसेल अशी नकाशावर नोंदवली जाते, संबंधित स्थानिक प्रशासनाकडे जाते, आणि चार आठवड्यांनी तक्रारदारालाच विचारले जाते की अडचण दूर झाली का. म्हणजे काम झाले की नाही, हे सांगण्याचा अधिकार खड्ड्यातून रोज जाणाऱ्यालाही मिळतो.

आपल्या खांबाखालच्या रहिवाशाला तसे कोणीही विचारलेले नाही. त्याला आलेल्या संदेशाला उत्तर देण्याची सोयही नाही. मोबाईलच्या उजेडात खांबावरचा तोच क्रमांक वाचून तो पुन्हा एकदा तक्रार भरतो आहे. दफ्तरी ती नवी तक्रार म्हणून नोंदली जाईल.