वासरांसाठी वेगळं पिंप

नमस्कार, शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो.

गोठ्यात शिरलं की आपली पहिली नजर दुभत्या गाईकडे जाते. कोपऱ्यात बांधलेली कालवड दिसते सगळ्यात शेवटी. गाईंनी खाऊन उरलेलं उसाचं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, तिच्यापुढे पडतं आणि वर्षाची झाली तरी तिच्या फासळ्या मोजता येतात. आमच्या माणदेशात मी अशा कालवडी सांभाळल्या आहेत. म्हणून आज तिच्याच चाऱ्याबद्दल बोलणार आहे.

2018-19 च्या दुष्काळात आमची जनावरं चारा छावणीत होती. खायला ऊस आणि वाडं. त्यावर जीव तगले, हे खरंच. पण वाड्यात प्रथिनं फार थोडी, आणि त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवतं. वाढत्या अंगाला तर नेमकं हेच दोन्ही लागतं. त्या वर्षीच्या आमच्या दोन कालवडी साडेतीन वर्षांच्या झाल्या तरी माजावर आल्या नाहीत. मला आजही लागून राहिलं आहे ते वेगळंच. छावणीत जायच्या आधी, श्रावणात, आमच्याच बांधावर सुबाभूळ आणि शेवरी हिरवीगार उभी होती. मुळं खोल असल्यामुळे पाऊस हटला तरी ती तग धरून होती. शेळ्यांनी खाल्ला तेवढा पाला कामी आला, बाकीचा गळून गेला.

सुबाभूळ, शेवरी, हादगा यांचा पाला वाळवून पाहिला तर त्यात शेकडा वीस-पंचवीस प्रथिनं भरतात. मक्याच्या वैरणीत आठाच्या आसपास. म्हणजे बांधावर पेंडच उभी असते म्हणा ना. ती उन्हाळ्यापर्यंत टिकवायची तर मुरघास करायचा, म्हणजे हिरवा चारा हवाबंद दाबून आंबवायचा.

इथे मी पहिल्या वर्षी चुकलो. नुसती सुबाभूळ कुट्टी करून पिंपात भरली. दीड महिन्याने झाकण काढलं तर काळपट, चिकट लगदा आणि नाक धरायला लावणारा वास. सगळं उकिरड्यावर गेलं. कारण नंतर कळलं. मुरघास टिकतो तो आंबटपणावर, आणि आंबटपणा तयार होतो चाऱ्यातल्या साखरेतून. झाडपाल्यात साखर कमी, शिवाय प्रथिनं आणि क्षार आंबटपणा लवकर चढू देत नाहीत. मग चारा मुरायच्या ऐवजी कुजतो. त्याला जोडीला मका लागतो. चिकात आलेला, म्हणजे दाण्यात दुधाळ चीक भरलेला मका सत्तर किलो, पाला तीस किलो आणि दोन किलो गूळ पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडलेला, हे प्रमाण आमच्याकडे जमलं आहे.

पाला सकाळी छाटा आणि दुपारपर्यंत सावलीत मलूल होऊ द्या. पेन्सिलीपेक्षा जाड काडी घेऊ नका, वासरू ती खात नाही आणि तिच्यामुळे पिंपात पोकळी राहते. कुट्टी अर्धा ते एक इंचाची करा. मग मूठ दाबून बघा. पाणी गळलं तर चारा अजून ओला आहे. मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला, तर भरायला घ्या. वीतभर थर टाकला की पायाने तुडवायचा, कडेकडेने जास्त. हवा राहिली की बुरशी आलीच.

सुबाभळीबद्दल एक गोष्ट काळजीने ऐका. तिच्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, कोवळ्या शेंड्यात आणि बियांत जास्त. ते पोटात जास्त गेलं की शेपटीचे केस झडतात, तोंडातून लाळ गळते, वाढ खुंटते. कुट्टी करून मुरवल्यावर मिमोसिन बरंच कमी होतं, पण शून्य होत नाही. म्हणून पाला शेंगा धरायच्या आधी, पण जून पानांसकट घ्या आणि प्रमाण वाढवू नका. शेवरीला आणि हादग्याला ही धास्ती नाही. मी तर वासरांसाठी शेवरीच पुढे ठेवतो.

आता पिंप वेगळं कशाला? मुरघासाची हजार किलोची बॅग चार वासरांसाठी उघडली, तर संपेपर्यंत निम्मी बुरसटून जाईल. दोनशे लिटरच्या पिंपात शंभरेक किलो माल बसतो. चार कालवडींना रोज दोन-दोन किलो दिला तर बारा-तेरा दिवसांत पिंप रिकामं. रोज वरचा चार बोटांचा थर निघतो, खराब व्हायला वेळच मिळत नाही. मात्र पिंप विकत घेताना त्यात आधी काय होतं ते विचारा. कीटकनाशकाचं पिंप कितीही धुतलं तरी नको.

आणि घाई करू नका. तीन महिन्यांच्या आतल्या वासराला मुरघास नको. त्याचं कोठीपोट, म्हणजे चारा पचवणारं मोठं पोट, अजून तयार होत असतं, आणि ओल्या चाऱ्याने पोट भरलं की खुराक मागे राहतो. तोवर दूध, खुराक आणि थोडं मऊ वाळलेलं गवत. चौथ्या महिन्यात पहिल्या दिवशी फक्त एक मूठ, खुराकात मिसळून. पुढे शेण बघत बघत वाढवा, सहाव्या महिन्यापर्यंत दोन किलोवर या. वाळलेली वैरण आणि खनिज मिश्रण चालूच ठेवा. पातळ शेण दिसलं तर दोन दिवस थांबा. संध्याकाळी गव्हाणीत उरलेला मुरघास काढून टाका, सकाळपर्यंत तो तापतो.

मका चिकात येईल त्याच आठवड्यात बांधावरचा पाला छाटा, दोन्ही एका दिवशी हाताशी हवेत. पिंपावर खडूने भरल्याची तारीख लिहा. पंचेचाळीस दिवसांनी झाकण उघडा. पिवळसर हिरवा रंग आणि आंबट-गोड वास आला, तर पहिली मूठ त्या कोपऱ्यातल्या कालवडीला द्या. नमस्कार.