विशीतला खेळाडू द्यावा की ठेवावा?

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला एखादा संघ आपला गुणी तरुण खेळाडू देऊन नावाजलेला खेळाडू आणतो, तेव्हा वाद रंगतो तो दोघांच्या खेळावर. मला आज बोलायचं आहे ते करारात उरलेल्या वर्षांबद्दल, कारण माझ्या मते निकाल तिथेच लागतो.

ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक प्रक्रिया; कमकुवत संघांची पाळी साधारणपणे आधी येते. त्याच्या पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा. दोन वर्षांची हमी असते, तिसरं आणि चौथं वर्ष संघाच्या मर्जीवर. पगार निवडीच्या क्रमांकानुसार आधीच ठरलेला, त्यामुळे दुसऱ्याच वर्षी त्याने लीग गाजवली तरी संघाला जास्त मोजावे लागत नाहीत. तीन हंगाम झाले की करार वाढवता येतो, आणखी पाच वर्षांपर्यंत. म्हणजे नीट सांभाळला तर खेळाडू नऊ वर्षं तुमचा, त्यातली चार स्वस्तातली.

आता जुलै २०१९ पाहा. कवाय लेनर्ड लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे यायला तयार होता, पण सोबत पॉल जॉर्ज हवा होता. जॉर्जसाठी क्लिपर्सनी ओक्लाहोमा सिटी थंडरला शे गिल्जस-अलेक्झांडर दिला, डॅनिलो गॅलिनारी दिला आणि पहिल्या फेरीचे पाच पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये निवड करण्याचे हक्क, दिले. त्यांतले तीन स्वतःचे: २०२२, २०२४ आणि २०२६चे. सलग दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक देऊन टाकायला लीगची मनाई आहे, म्हणून मधल्या २०२३ आणि २०२५ला पिक बदलून घेण्याचा, म्हणजे दोघांतला वरचा पिक थंडरने घेण्याचा, हक्क दिला. पाच वर्षं अशी बांधली गेली.

शे तेव्हा २० वर्षांचा. एकच हंगाम झालेला, सरासरी १०.८ गुण, आणि स्वस्त करारातली तीन वर्षं शिल्लक. जॉर्ज २९चा, सरासरी २८ गुण. क्लिपर्स २०२१मध्ये प्रथमच कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे लीगच्या उपांत्य फेरीला, पोचले, हे खरं. पण २०२४मध्ये जॉर्ज करार संपवून फिलाडेल्फियाला गेला आणि बदल्यात काहीच मिळालं नाही. थंडरने २०२२च्या त्या पिकवर जेलेन विल्यम्स घेतला. २०२५ला थंडर विजेते झाले, शे हंगामाचा आणि अंतिम फेरीचाही सर्वोत्तम खेळाडू ठरला.

त्याच उन्हाळ्यात लेकर्सनी ब्रँडन इन्ग्रम, लॉन्झो बॉल, जॉश हार्ट आणि पिक देऊन अँथनी डेव्हिस आणला आणि २०२०चं विजेतेपद जिंकलं. तो व्यवहार मला योग्य वाटतो. डेव्हिस २६ वर्षांचा होता, लेब्रॉन जेम्स ३४चा, थांबायला वेळ नव्हता. शिवाय इन्ग्रमच्या पहिल्या करारातलं एकच वर्ष उरलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्याला मोठी रक्कम द्यावीच लागली असती.

लेनर्डसारखा खेळाडू दारात उभा असताना हात आखडता घेणं अवघड, हे मान्य. तरीही तरुण खेळाडू आणि विनाअट पिक एकत्र देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. मोठा खेळाडू थकतो किंवा जातो, नेमका तेव्हाच संघ घसरतो आणि ते पिक वरचे ठरतात. द्यायचेच तर ‘पहिल्या चारांत आला तर आमच्याकडेच राहील’ अशी अट घालावी.

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३च्या कामगार करारानंतर ठेवण्याची बाजू आणखी भक्कम झाली. पगारखर्च ‘दुसऱ्या एप्रन’च्या, म्हणजे लीगने आखलेल्या सर्वांत वरच्या खर्चरेषेच्या, वर गेलेल्या संघाला दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक महाग खेळाडू आणता येत नाही. अशा संघाला स्वस्त करारावरचे तरुणच तारतात.

वेळ चुकली तर चांगला व्यवहारही अडतो. समजा, चौथ्या वर्षात खेळाडूला १ कोटी डॉलर मिळतात आणि त्याने पाच वर्षांसाठी २० कोटींची वाढ स्वीकारली. ती लागू होण्याआधी त्याला दिलं, तर देणाऱ्याच्या हिशेबात १ कोटीच धरतात. घेणाऱ्याच्या हिशेबात मात्र २१ कोटी भागिले सहा, म्हणजे साडेतीन कोटी. व्यवहारात दिलेल्या आणि घेतलेल्या खेळाडूंचे पगार साधारण जुळावे लागतात, आणि ते जुळवता जुळवता दोन्ही बाजू टेकीस येतात. म्हणून असा खेळाडू द्यायचाच असेल तर करार वाढवण्याआधी द्यावा, नाहीतर नवा करार लागू होईपर्यंत थांबावं.