ॲडम्स आणि जेफरसन: अकरा वर्षांचा अबोला आणि १५८ पत्रं

नमस्कार मंडळी.

आधी एक वाक्य ऐका. "एकमेकांना आपलं मन उलगडून सांगितल्याशिवाय तुम्ही आणि मी मरता कामा नये." १५ जुलै १८१३ला हे लिहिणारा माणूस सत्त्याहत्तर वर्षांचा होता. अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स. आणि पत्र गेलं थॉमस जेफरसनना, म्हणजे ज्यांनी निवडणुकीत हरवून त्यांची खुर्ची घेतली त्यांनाच.

या दोघांची मैत्री १७७५-७६ची, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या काळातली. पुढे दोघं युरोपात देशाचे राजदूत म्हणून होते, ॲडम्स लंडनला आणि जेफरसन पॅरिसला. मग राजकारण आडवं आलं. दोन पक्ष, वर्तमानपत्रांतली चिखलफेक, आणि १८००ची अतिशय कडवट निवडणूक. ४ मार्च १८०१ला जेफरसन शपथ घेणार होते. त्या दिवशी पहाटे चारलाच ॲडम्स वॉशिंग्टन सोडून निघून गेले. शपथविधीला थांबले नाहीत. तिथून अकरा वर्षं अबोला.

मधे एक पत्र आलं, आणि मला विचाराल तर या सगळ्या पत्रव्यवहारातलं सगळ्यात धाडसाचं पत्र तेच. ते ॲडम्सचं नाही, त्यांच्या पत्नीचं आहे. ॲबिगेल ॲडम्स यांचं.

१७८७मध्ये जेफरसनची धाकटी मुलगी पॉली आठ वर्षांची असताना अमेरिकेहून बोटीनं लंडनला उतरली. सोबत होती चौदा वर्षांची सॅली हेमिंग्ज, जेफरसनच्या मालकीची गुलाम मुलगी. पॅरिसला वडिलांकडे जाण्याआधी पॉली काही दिवस ॲबिगेलकडे राहिली, आणि इतका लळा लागला की निघताना गळ्यात पडून रडायला लागली. "आत्ता कुठे मला तुम्ही आवडायला लागलात, आणि आता मला तुमच्यापासून का तोडतात?"

ही पॉली १८०४मध्ये गेली, पंचविशी ओलांडून नुकतीच. ॲबिगेलनं बातमी वाचली आणि नवऱ्याला न सांगता जेफरसनना सांत्वनाचं पत्र लिहिलं. तो निरोपाचा प्रसंग त्यात आहे. आणि शेवटी सही करताना काय लिहिलंय बघा: जिला एके काळी स्वतःला तुमची मैत्रीण म्हणवून घेण्यात आनंद वाटत असे, ती. त्या "एके काळी"मध्ये दुःख आहे आणि रागही आहे. दोन्ही खरे आहेत.

जेफरसननी उत्तर दिलं, पण जाता जाता ॲडम्सनी राष्ट्राध्यक्षपदाच्या शेवटच्या दिवसांत केलेल्या नेमणुकांची तक्रारही केली. झालं. ॲबिगेलनं मग त्यांना सरळ विचारलं की माझ्या नवऱ्याची बदनामी करणाऱ्या लेखकाला तुम्ही पैसे का दिलेत? काही महिन्यांत पत्रं थांबली. नोव्हेंबरात तिनं सगळी पत्रं नवऱ्यापुढे ठेवली. ॲडम्सनी ती वाचली आणि शेवटच्या पत्राच्या नकलेखाली शेरा मारला: हा सगळा पत्रव्यवहार मला कल्पना नसताना झाला, पत्नीच्या इच्छेवरून मी तो वाचला, आणि या वेळी, या ठिकाणी मला काहीही म्हणायचं नाही.

हा शेरा आज आपण वाचू शकतो तो त्या नकलेमुळे. ही माणसं घरचं पत्रसुद्धा कचेरीच्या शिस्तीनं सांभाळत. ॲडम्सकडे वह्या असत, गेलेलं पत्र त्यात हातानं उतरवून ठेवायचं. जेफरसनची तऱ्हा वेगळी. आधी त्यांच्याकडे दाबयंत्र होतं. खास शाईनं पत्र लिहायचं, त्यावर पातळ ओलसर कागद ठेवून दाबायचा. शाई उलटी उमटते, पण कागद इतका झिरझिरीत की मागच्या बाजूनं सरळ वाचता येते. १८०४पासून ते पॉलिग्राफ वापरायला लागले. दोन टाक दांड्यांनी एकमेकांना जोडलेले. एक तुम्ही हातात धरून लिहायचं, दुसरा शेजारच्या कागदावर तेच लिहीत जातो. शिवाय १७८३पासून त्यांनी चक्क आवक-जावक नोंदवही ठेवली होती. कुणाचं पत्र कधी आलं, कुणाला कधी गेलं, सगळं त्यात. त्यावरून त्यांनी एकदा मोजलं, तर १८२० या एका वर्षात आलेली पत्रं भरली १,२६७. उजवं मनगट पॅरिसमध्ये मोडलेलं, ते कधी नीट बसलं नाही, आणि तरी बहुतेकांना उत्तर.

पण याच जेफरसनचा स्वतःच्या पत्नीशी झालेला पत्रव्यवहार उरलेला नाही. जॉर्ज आणि मार्था वॉशिंग्टन यांच्या एकमेकांना लिहिलेल्या पत्रांपैकीही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच शिल्लक आहेत. काय ठेवायचं हेही तीच माणसं ठरवत होती.

आता अबोला सुटला कसा? दोघांचे जुने मित्र होते डॉक्टर बेंजामिन रश. १८०९मध्ये त्यांनी ॲडम्सना लिहिलं की मला स्वप्न पडलं, तुम्ही जेफरसनना पत्र लिहिलंत आणि मैत्री पुन्हा जुळली. दोन वर्षं ते दोघांच्या मागे लागले. शेवटी १ जानेवारी १८१२ला ॲडम्सनी चार ओळी लिहिल्या: घरी विणलेल्या कापडाचे दोन नग तुम्हाला पाठवतोय. पत्र आधी पोचलं, पार्सल मागे राहिलं. जेफरसनना वाटलं खरंच कापड आहे. म्हणून उत्तरात त्यांनी व्हर्जिनियात घरोघरी सूत कसं कातलं जातं, कापड कसं विणलं जातं, हे सविस्तर लिहिलं. मग पार्सल आलं. आत ॲडम्सच्या मुलाची, जॉन क्विन्सीची, व्याख्यानं होती. दोन खंड!

मला तो गैरसमज फार मोलाचा वाटतो. अकरा वर्षांनी बोलायचं कशावर? कापडावर. आणि त्याच पत्रात पुढे जेफरसन लिहितात की तुमचं पत्र मला त्या काळात घेऊन जातं, जेव्हा आपण दोघं एकच वल्हं मारत होतो.

त्यानंतर चौदा वर्षांत १५८ पत्रं. त्यातली १०९ ॲडम्सची, ४९ जेफरसनची. एकाला दोन पाठवायची, ॲडम्सनी हिशेब कधी धरला नाही. धर्म, ग्रीक ग्रंथ, म्हातारपण, फ्रेंच राज्यक्रांती, सगळं आहे त्यात. एका विषयाला मात्र दोघं क्वचितच हात घालतात. गुलामगिरीला. १८२१मध्ये ॲडम्स लिहितात की अर्धं शतक मी या देशावर तो काळा ढग लोंबकळताना बघतोय. आणि लगेच सांगतात की हा प्रश्न मी दक्षिणेतल्या लोकांवर सोडला. जेफरसननी आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. इतक्या मोकळ्या पत्रांतली ही चुप्पी वाचताना जीव तुटतो, आणि ती झाकून हा विषय सांगता येणार नाही.

१८१८मध्ये ॲबिगेल गेल्या. जेफरसनना वर्तमानपत्रातून कळलं. त्यांनी लिहिलं की अशा दुःखावर काळ आणि मौन हीच औषधं आहेत. ही बाई त्यांना पॉलीसाठी लिहिणारी होती, हे लक्षात ठेवून ते पत्र वाचा.

आणि १८२३. ॲडम्सनी रागाच्या वर्षांत कुणाला तरी लिहिलेली पत्रं छापून बाहेर आली, जेफरसनबद्दल बोचरी. ॲडम्स धास्तावले असणारच. जेफरसननी स्वतःहून कळवलं: या वयात जुनं उकरून आपल्या संध्याकाळची गोडी कशाला घालवायची? ते पत्र ॲडम्सच्या घरी न्याहारीच्या टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवलं गेलं, आणि सगळं घर एकदम म्हणालं, याहून चांगलं पत्र कुणी लिहिलेलंच नाही.

मार्च १८२६मध्ये जेफरसननी नातवाला ॲडम्सच्या भेटीला पाठवलं. नव्वद वर्षांच्या ॲडम्सनी उत्तरात लिहिलं की तुम्ही व्हर्जिनियाचे सगळे राक्षसासारखे उंच, तुमच्या नातवाशेजारी आम्ही इकडचे लोक बुटबैंगण दिसतो.

हे या पत्रव्यवहारातलं शेवटचं पत्र. जेफरसनच्या नोंदवहीतली शेवटची नोंद २५ जून १८२६ची आहे. ४ जुलैला, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, दुपारी जेफरसन गेले. संध्याकाळी ॲडम्स.