फियाटला ठिगळ कुठलं लावायचं?

हां, तर मघाशी कुणीतरी विचारलं की जुन्या फियाटचा गंजलेला भाग कापून तिथे ठिगळ जोडायला एवढं भंगारात हिंडता कशाला, नवा सीआर पत्रा (म्हणजे कोल्ड रोल्ड, थंड लाटलेला गुळगुळीत पत्रा) दुकानात मिळतो की. मिळतो ना! सपाट ठिगळाला तोच घ्या, वीस गेज म्हणजे साधारण 0.9 मिमी, गंज नाही, रंग खरवडायची कटकट नाही. भंगारात मी सहसा नुसता पत्रा शोधायला जात नाही, वळण शोधायला जातो. फियाटच्या मडगार्डचा तो गोलावा आहे ना, तो वाळूच्या पिशवीवर ठोकून काढायला माझ्यासारख्या हौशी माणसाचे दोन रविवार जातात आणि तरी वर पुट्टी भरावीच लागते, आणि तोच गोलावा भंगारात कुठल्यातरी भलत्याच गाडीच्या बॉनेटच्या कोपऱ्यात आयता पडलेला असतो. म्हणून पुठ्ठ्याचा फर्मा कापून पिशवीत ठेवायचा आणि बुधवारी नाहीतर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर टाकायची, फर्मा लावून बघायचा, बसला तर तो पत्रा घ्यायचा.

आता मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी, म्हणजे आपली फियाटच, शेवटची ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली. त्यातला पत्रा कुठे दिसला तर छप्पर बघा, कडेची पन्हळ सोडून. दारं नकोत. दाराच्या तळाची भोकं चिखलाने बुजतात, पाणी आत साचतं आणि पत्रा आतून सडतो, बाहेरून रंग चकाचक. चुंबक लावा, चिकटला नाही तर खाली पुट्टी आहे समजा. आजकालच्या गाड्यांचा बाहेरचा पत्रा 0.7 मिमीच्या आसपास, सीओटू वेल्डिंगने लगेच भोक पडतं, आणि पिलरचा, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या खांबांचा, पत्रा इतका चिवट की ठोकला की परत उसळतो, त्याच्या नादी लागू नका.

लग्नातली जुनी लोखंडी कपाटं मात्र सोनं! पाठ पातळ असते, दार घ्यायचं. आमच्या आत्याच्या कपाटाचं दार रंग खरवडून व्हर्निअरने मोजलं तर बरोबर 0.9 भरलं, ते आता माझ्या गाडीच्या फ्लोअरमध्ये आहे, आत्याला अजून सांगितलेलं नाही.

आणि कूलरचा पत्रा घेऊ नका हो. मी घेतला होता. त्यावर जस्ताचा थर असतो, जस्त 907 डिग्रीला उकळतं आणि लोखंड वितळायला दीड हजार लागतात, म्हणजे पत्रा वितळायच्या आधीच सगळा पांढरा धूर तुमच्या नाकात. मी खोलीचं दार लावून वेल्डिंग करत बसलो होतो, रात्री हुडहुडी भरून ताप, बायकोला वाटलं मलेरिया! दुसऱ्या दिवशी उतरला, पण तेव्हापासून जस्त दिसलं की आधी ग्राइंडरने थर काढायचा, तेही मास्क लावून, उघड्यावर.

भाव कसा पाडायचा विचारलंत ना, ते सोपंय. भंगारवाल्याकडे किलोवर घ्यायचं, आधी पाच मिनिटं पाइपांच्या ढिगात हात घालायचा, मग सहज म्हणायचं, मामा, तो वाकडा पत्रा पण टाका काट्यावर. मडगार्डला मडगार्ड म्हणालात की संपलं, भाव चढलाच.