गाविलगडचा कडा नकाशावर कसा उतरतो

(दृश्य: चिखलदऱ्याचं पठार, कड्याखाली वऱ्हाडची सपाटी)

१:५०,००० च्या सरकारी नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, दर २० मीटर उंचीला असते. कडा तीनशे मीटर खाली उतरला, तर पंधरा रेषा दोन-तीन मिलिमीटरांत दाटतात. डोंगराचा आकार कळायला तेवढं पुरतं. पाणलोटाचे चर आखायला मात्र मीटर-अर्ध्या मीटरची रेषा लागते, म्हणून ड्रोननं फोटो घेऊन त्यांवरून उंच्या काढायच्या.

(दृश्य: कड्याच्या काठावरून उड्डाण)

खरी पंचाईत काठावरच होते. ड्रोन उंची धरतो ती उडाला त्या जागेपासून. पठारावरून शंभर मीटरवर सोडला की कडा ओलांडताच जमिनीपासून चारशे मीटरवर जातो. फोटोतला एक पिक्सेल (ठिपका) जमिनीवर अडीच सेंटिमीटरऐवजी दहा सेंटिमीटर व्यापतो, शिवाय १२० मीटरची कायदेशीर मर्यादाही मोडते. पायथ्यावरून सोडला तर समोर खडक! त्यामुळे भूरूपानुसार, म्हणजे जमिनीच्या चढउताराबरोबर वरखाली होणारं उड्डाण लावायचं. त्यासाठी ड्रोनमध्ये भरलेली, दर ३० मीटर अंतराला एकच उंची देणारी उपग्रहाची माहिती कड्याची धार बोथट करते, म्हणून थोडी जास्त उंची राखायची. फोटो पुढे ८० टक्के, बाजूला ७० टक्के एकमेकांवर यायला हवेत. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनविभागाची परवानगी आधी.

(दृश्य: पानं झडलेला सागवान)

हंगाम उन्हाळ्याचाच. पावसाळ्यात सागाच्या शेंड्यांची उंची मोजली जाते, जमिनीची नाही. बांबूच्या बेटांत उन्हाळाही कामाचा नाही. तिथं लायडार (लेसर किरणांनी मोजणी), नाहीतर पायी मोजणी.

(दृश्य: जमिनीवर रंगवलेली फुली, जीपीएसचा खांब)

नियंत्रण बिंदू, म्हणजे जीपीएसनं नेमकी जागा मोजलेल्या फुल्या, पठारावरच घातले की पायथ्याच्या उंच्या कलतात. वर, उतारावर, खाली, तिन्हीकडे हवेत. जीपीएसची कच्ची उंची समुद्रसपाटीपासूनची नसते, पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते. आपल्या भागात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा पन्नासहून अधिक मीटरनं कमी येते. दोन तऱ्हेच्या उंच्या एकाच फाइलीत मिसळल्या की जमिनीत नसलेली पायरी नकाशात उभी राहते.

या मुलखाला मोजणी नवी नाही. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) घेऊन दक्षिणेतून निघालेले इंग्रज मोजणी अधिकारी लॅम्बटन १८२३ साली हिंगणघाटला वारले. त्यांच्या मोजणीचं एक ठाणं वऱ्हाडातल्या टाकळखेड्याला होतं.

(दृश्य: संगणकावर उतरलेल्या रेषा)

शेवटी गणितात न घेतलेले दहा-बारा बिंदू जागेवर मोजून नकाशाशी ताडायचे. फरक फक्त पायथ्यालाच वाढत असेल, तर खालचे बिंदू कमी पडले. सगळीकडे सारखाच असेल, तर उंचीचा पाया, म्हणजे उंची कुठून मोजायची ते, चुकला. तेवढ्यासाठी उड्डाण पुन्हा करायची गरज नाही.