एन म्हणजे नेरळ नव्हे

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईच्या लोकलवर बोला असा निरोप आला आणि मला आधी आठवले आमचे मामा. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. हे तुम्ही शाळेत घोकलेलंच आहे. विजेवरची पहिली गाडी व्हीटी ते कुर्ला धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ला. झाला इतिहास. आता मामा.

मामा राहायचे नेरळला. आमच्याकडे दादरला बारसं होतं. संध्याकाळी परत निघताना आईनं त्यांच्या हातात पुरणपोळ्यांचा डबा दिला. आता डबा म्हणजे पितळी, झाकण घट्ट बसणारा. हल्लीच्या प्लास्टिकच्या डब्यांत पोळीला घाम फुटतो, हे माझं ठाम मत आहे आणि ते बदलणार नाही. असो. मामा फलाटावर आले, इंडिकेटरकडे पाहिलं, तर इंग्रजी एन. मामांना आनंद झाला. एन म्हणजे नेरळ! कोणाला विचारायचं कारणच नाही. मामांना चक्क खिडकी मिळाली आणि ठाण्याच्या आत त्यांना डुलकी लागली.

कल्याण गेलं. शहाड गेलं, टिटवाळा गेलं, आसनगाव गेलं. कोणीतरी खांदा हलवला, "काका, उतरा, गाडी पुढे जात नाही." मामा डोळे चोळत उतरले. पाटीवर कसारा.

बाकावर एक रेल्वेचे गृहस्थ बसले होते, घाटात गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनांवर काम करणारे. मामांनी त्यांनाच सुनावलं, "एन लिहिता आणि कसाऱ्याला आणता?" ते हसले. म्हणाले, "काका, एन म्हणजे नेरळ नव्हे. एन म्हणजे नॉर्थ-ईस्ट, ईशान्येची लाइन. तुमची एस, साउथ-ईस्ट, आग्नेयेची."

तर श्रोतेहो, पुन्हा सांगतो: एन म्हणजे कसारा, एस म्हणजे कर्जत. गाडी कल्याणला पोचली १८५४ साली. पण रेल्वे कंपनीला ओढ होती सह्याद्रीपलीकडच्या कापसाची. मग कल्याणला वाट फुटली. एक फाटा थळ घाटातून नाशिककडे, दुसरा बोर घाटातून पुण्याकडे. बोर घाट खुला झाला १८६३ला, थळ घाट १८६५ला. चढ इतका की मागून जादा इंजिनं लावावी लागतात, आणि ती लागतात कुठे? कर्जतला आणि कसाऱ्याला. घाटाच्या पायथ्याला. आपली लोकलही तिथेच थांबते, घाट चढत नाही. म्हणजे एन आणि एस ही दोन अक्षरं गावांची नाहीतच, दिशांची आहेत. एन कसारा, एस कर्जत. पाहुण्यांना सांगून ठेवा.

स्टेशनवरच्या घोषणांबद्दलही मला बोलायचं होतं. आम्हा आकाशवाणीच्या माणसांना त्या ऐकताना दातांत खडा आल्यासारखं होतं. पण वेळ संपत आलाय.

तर मामा. परतीच्या गाडीला अवकाश होता. गृहस्थांनी जेवलेलं नव्हतं. मामांनी डबा उघडला. एक पोळी, मग दुसरी, मग आणखी दोघे तिथे आले. पुढे मामा कल्याणला उतरले आणि एसची गाडी येईपर्यंत दिसेल त्याला विचारत राहिले, "ही नेरळला जाते ना?" चहावाल्यालासुद्धा.

मध्यरात्र उलटल्यावर घरी पोचले. मामींनी उशीर का झाला हे विचारलंच नाही. डबा हलवून पाहिला आणि म्हणाल्या, "पोळ्या कुठे आहेत?"

मामा म्हणाले, "ईशान्येला."

नमस्कार.