रेशमी यॉर्कीचं मूळ गिरणीत

लाल कापडाने मढवलेल्या खोक्यावर हे महाशय उभे आहेत. नाकापासून शेपटीपर्यंत पाठीवर सरळ भांग, दोन्ही अंगांनी जमिनीवर लोळणारे केस, डोक्यावर रिबन. यॉर्कशायर टेरियर, कुत्र्याची एक चिमुकली जात. लाडाने यॉर्की. टेरियर म्हणजे उंदीर-घुशींच्या मागे जमीन उकरणारे शिकारी कुत्रे.

आता हे केस राखतात कसे, ते बघा. आधी हलकं तेल. मग एकेक बट सुटी करून पातळ कागदात घडी घालायची आणि वर बारीक रबर. लगेच पुढची बट. कुत्र्यांचं प्रदर्शन जवळ नसलं तरी हे चालूच. कागद सोडा, विंचरा, परत बांधा; नाहीतर टोकं तुटतात. बहुतेक कुत्र्यांच्या केसांखाली मऊ लोकरीचा आणखी एक थर असतो, तो यॉर्कीला नसतो. त्याचे केस आपल्यासारखे वाढतच राहतात. अंगभर पुड्या बांधून हा पठ्ठ्या निमूट बसलाय खरा, पण दाराशी काहीतरी हललं की कान बघा कसे टवकारतात!

हे टोपलीतलं पिल्लू मात्र काळं आणि तांबूस. मोठ्या यॉर्कीच्या पाठीचा पोलादी निळा रंग यायला दोन-तीन वर्षंही लागतात.

आणि ही जात घडली गिरणी कामगारांच्या वस्तीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्कॉटलंडचे विणकर पोटापाण्यासाठी इंग्लंडमधल्या यॉर्कशायर-लँकेशायरच्या कापडगिरण्यांत आले, येताना आपले लहान टेरियर घेऊन आले. गिरण्यांत उंदरांचा सुळसुळाट. कुत्र्याला काम आयतंच मिळालं. तिथल्या कुत्र्यांशी संकर होत गेला. जुन्या चित्रातला हा 'हडर्सफील्ड बेन'. जन्म 1865, मालकीण मेरी अ‍ॅन फॉस्टर. प्रदर्शनं त्याने जिंकलीच, उंदीर मारायच्या शर्यतीही जिंकल्या. 1871 मध्ये घोडागाडीखाली गेला. पण आजच्या यॉर्कींचा मूळपुरुष तोच मानतात. 1886 मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने जातीला मान्यता दिली.

वजनाची मर्यादा 3.2 किलो. त्याहून चिमुकले 'टीकप' म्हणून महागात विकतात. तशी वेगळी जात नाही, आणि ठिसूळ हाडं, रक्तातली साखर एकदम उतरणं हे त्या जीवाच्या वाट्याला येतं.

केनेल क्लब यॉर्कीला 'टॉय' गटात बसवतो. देशोदेशीच्या श्वानसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याला टेरियरांतच ठेवलंय. भारतातल्या डॉग शोमध्येही तो त्याच गटात उतरतो. गुलाबाच्या वाफ्याची त्याने ही जी दशा केलीय, ती बघता महासंघाचंच बरोबर म्हणायचं.